कयाक वगळून

चार मीटर दहा सेंटीमीटर लांबीची, दोन जणांनी बसायची, पिवळ्या रंगाची एक कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, इमारतीच्या तळमजल्यापासून तलावापर्यंत न्यायची होती. अंतर सव्वादोन किलोमीटर. वाटेत एक चढ, दोन वळणं आणि शेवटी ऐंशी पावलं वाळू. वडील अकरा वर्षं दर रविवारी हे काम करत, कारण ते किती अवघड आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीच्या टपावर ते एक जुनी गादी टाकत, तिच्यावर कयाक पालथी घालत, दोन दोऱ्या खिडक्यांतून ओढून गाठ मारत आणि निघून जात.

मग वडील गेले. कयाकमुळे नव्हे. झोपेत, घरी, अंगावर नीट पांघरूण घेऊन.

त्यानंतर महिन्याभराने तलावाच्या फाटकावर सूचना लागली. गाळ काढण्याच्या कामासाठी महिनाअखेरच्या रविवारी दुपारी बारा वाजल्यापासून तलाव तीन वर्षं बंद. ही बातमी आईने दूध आणताना वाचली आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधीच लेकीला म्हणाली, "मला एकदा त्या पुढच्या जागेवर बसायचंय."

कयाकला दोन जागा होत्या. मागे वडील बसत. पुढच्या जागेवर अकरा वर्षं थर्मास आणि टॉवेल बसत आले होते.

"दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या रविवारी येते," आई म्हणाली. "आता तीनच रविवार उरलेत."

"नेते की मी. त्यात काय एवढं," लेक म्हणाली.

लेक एका छापखान्यात माहितीपत्रकं तपासायची. मिक्सरच्या खोक्यात, पंख्याच्या खोक्यात, औषधाच्या डबीत घडी घालून जो कागद असतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती बहुधा शहरातली एकमेव व्यक्ती होती, आणि तिलाही त्यासाठी पगार द्यावा लागे. वडील गेल्यापासून मात्र ती पगाराबाहेरही वाचू लागली होती. कुठल्याशा कागदावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते आपल्या नजरेतून सुटलं, असं तिला वाटत राही. ते काय असावं हे ती कुणाला सांगत नसे. यापुढे मात्र एकही ओळ सोडायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

म्हणून गादी टाकून दोरी बांधण्याऐवजी ती साहससाहित्याच्या दुकानात गेली.

दुकानात विक्रेता नव्हता. वहनसल्लागार होता. त्याच्या सदऱ्यावर तसं शिवलेलं होतं. त्याने आधी एक फॉर्म पुढे केला. त्यात कयाकचा मालक, मालकाची उंची, मालकाचा अनुभव आणि मालक किती वजन उचलू शकतो, असे रकाने होते.

"मालक नाहीत आता," लेक म्हणाली.

"मग उंची?"

"पाच फूट आठ इंच."

"होती की आहे?"

सल्लागाराने 'आहे'वर खूण केली. दुसरा पर्याय फॉर्ममध्ये नव्हताच.

"आजवर कशी न्यायचात?"

लेकीने गादीबद्दल सांगितलं. सल्लागाराने पेन खाली ठेवलं. शेजारच्या काउंटरवर हेल्मेट पाहणारे एक गृहस्थही वळून बघू लागले. "अकरा वर्षं?" सल्लागार हळू आवाजात म्हणाला. "मॅडम, राग मानू नका, पण तुमचं नशीब थोर म्हणायचं."

त्या क्षणी लेक त्याच्या हातात गेली.

टपावर आडवे दांडे हवेत, हे तिला कळलं. दांड्यांवर कयाक नुसती ठेवायची नसते, तिला पाळणा लागतो. पाळणा आडवा असेल तर कयाक पोटावर निजते आणि कालांतराने तिच्या पोटाला बाक येतो. उभा असेल तर ती कुशीवर निजते, पण मग ती इतक्या उंच जाते की चढवायला उचलहात, म्हणजे टपावरून खाली येऊन ती वर घेणारा लोखंडी हात, लागतो. बांधायला दातेरी कुलपाचा पट्टा घेतला तर तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, चापाचा घेतला तर आवळला गेला की नाही ही शंका राहते. म्हणून सुज्ञ लोक दोन्ही घेतात. शिवाय पुढून एक दोर, मागून एक दोर, आणि कयाकची चोरी होऊ नये म्हणून कुलूप.

"आणि पाळण्याची चोरी होऊ नये म्हणून?" लेकीने विचारलं. तिने ते थट्टेनेच विचारलं होतं.

"हे बघा," सल्लागार खूश होऊन म्हणाला, "आता तुम्ही बरोबर विचार करायला लागलात."

पहिला रविवार दांडे बसवण्यात गेला. माहितीपत्रकाच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं की दांडे बसवल्यावर गाडी सात दिवस रिकाम्या टपाने चालवावी आणि मग सर्व नट पुन्हा आवळावेत. अख्ख्या जगात ही सूचना पाळणारं एकच घर असेल, तर ते हे होतं. आठवडाभर लेक टपावर चार लोखंडी शिंगं घेऊन छापखान्यात जात राहिली. आईने खिडकीतून रोज पाहिलं.

"अगं, तुझे बाबा नुसती गादी—"

"बाबांनी काय काय केलं नाही, ते मला सांगू नकोस, आई."

हल्ली घरात वाक्यं अशीच अर्ध्यावर थांबत आणि दोघी ती तिथेच राहू देत.

दुसऱ्या रविवारी कयाक चढवायची म्हणून लेकीने गाडीचं माहितीपत्रक काढलं. टपावर जास्तीत जास्त पन्नास किलो वजन चालेल, असं त्यात होतं. दांडे नऊ किलो, पाळणे अकरा, उचलहात चौदा, पट्टे, दोर आणि कुलपं मिळून चार. एकूण अडतीस. उरले बारा किलो. कयाक होती एकोणतीस.

ती गाडी घेऊन तडक दुकानात गेली. सल्लागाराने बेरीज दोनदा तपासली.

"सतरा किलो जास्त होतायत," तो म्हणाला. "काहीतरी कमी करावं लागेल."

"उचलहात काढू?"

"मग चढवणार कशी?"

"पाळणे?"

"मॅडम!"

"मग काय कमी करू?"

सल्लागाराने थोडा विचार केला. "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर कयाक. कयाक वगळली, तर तुमचं सगळं नियमात बसतंय."

दोघेही बराच वेळ गाडीकडे पाहत उभे राहिले. सामान खरंच सुरेख दिसत होतं.

पण सल्लागार हार मानणारा नव्हता. त्याने सुचवलं की सामान गाडीतून न्यावं आणि कयाक पायी. त्यासाठी दोन चाकांची ढकलगाडी मिळते. कयाकच्या मागच्या टोकाखाली ती बांधायची, पुढचं टोक हातात धरायचं आणि ओढत चालायचं. मात्र डांबरी रस्त्याला कडक चाकं लागतात, ती वाळूत रुततात. वाळूला फुगीर चाकं लागतात, ती डांबरावर फुटतात. म्हणजे ढकलगाड्या दोन. रस्त्याची घरून लावायची, वाळूची तलावावर आधीच पोचलेली असायला हवी.

"ती कशी पोचवायची?" लेकीने विचारलं.

सल्लागाराने वाळूच्या ढकलगाडीचं वजन पाहिलं. साडेअकरा किलो. त्याचा चेहरा उजळला. "टपावरून!" तो म्हणाला. "बारात बसतंय! मी म्हटलं होतं ना, काही वाया जाणार नाही."

लेकीला त्या दिवशी, बऱ्याच दिवसांनी, काहीतरी नीट जुळल्याचं समाधान वाटलं.

आता फक्त पायी जाण्याचा प्रश्न होता. ढकलगाडीच्या पत्रकात शेवटी एक ओळ होती, 'वापरापूर्वी स्थानिक नियमांची खात्री करावी.' ही ओळ सगळ्याच पत्रकांत असते. लेकीने स्वतः ती हजारदा तपासून पुढे सोडली होती. सोमवारी ती रजा टाकून खात्री करायला गेली.

रस्तेविभागातल्या कारकूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "जमिनीवर पडलेली कयाक म्हणजे सामान," त्या म्हणाल्या. "पाण्यात गेली की नौका. तिला चाकं लावलीत की वाहन. तुम्ही वाहन घेऊन फुटपाथवरून जाणार?"

"नाही, रस्त्याने जाते मग."

"पण तुम्ही चालणार ना? म्हणजे पादचारी. पादचाऱ्याने फुटपाथ सोडायचा नाही."

"मग मी फुटपाथवरून चालते आणि कयाक रस्त्यावरून येईल."

लेकीला वाटलं, बाई आता चिडणार. पण बाईंनी हे लिहून घेतलं. "चालेल. लांब दोर लावा. पुढे एकाने लाल फडकं धरायचं, मागे एकाने. आणि हे सगळं आधी साहेब बघणार. तलावाच्या टोकाची सोय पाहिल्याशिवाय घरच्या टोकाला परवानगी मिळत नाही. रविवारी दहाची वेळ देते."

"रविवारी कार्यालय बंद असतं ना?"

"म्हणूनच साहेब मोकळे असतात."

शेवटच्या रविवारी पावणेदहालाच लेक तलावावर हजर होती. टपावर दांडे, दांड्यांवर पाळणे, पाळण्यांत कुशीवर निजलेली वाळूची ढकलगाडी. दोन प्रकारच्या पट्ट्यांनी आवळलेली, पुढून-मागून ताणलेली, कुलूपबंद. घरी तळमजल्यावर कयाक रस्त्याच्या ढकलगाडीवर चढवून तयार होती आणि तिच्याजवळ आई लाल फडकं घेऊन उभी होती. मागच्या फडक्यासाठी तळमजल्यावरच्या सुताराला विनंती केली होती. साहेबांनी होकार दिला की लेक फोन करणार, गाडी तिथेच ठेवून धावत घरी येणार आणि तिघं निघणार.

"मी फोन करेपर्यंत जागचं हलायचं नाही," तिने आईला बजावलं होतं.

साहेब साडेदहाला आले. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पट्टे ओढून पाहिले, दांडे वाजवून पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांना नाव ठेवायला जागा सापडत नव्हती आणि ते अस्वस्थ होत चालले होते. हळूहळू माणसं जमली. तलावाचा शेवटचा दिवस म्हणून बरेच जण आले होते. त्यांच्याही गाड्यांवर दांडे होते, पण असे नव्हते. कुणी फोटो काढले. सव्वाअकराला साहेबांनी शेरा लिहायला घेतला, 'आदर्श वहन. कोणतीही त्रुटी नाही.' मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "आणि कयाक?"

लेकीने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली.

घरी काय झालं ते तिला मागाहून कळलं. सव्वादहा होऊन गेल्यावर सुतार म्हणाला होता, "वहिनी, हे फडकं धरून आपण किती वेळ उभं राहायचं?" आई म्हणाली, "ती फोन करेपर्यंत." सुतार म्हणाला, "मी रोज याच्यापेक्षा लांब फळ्या नेतो." आईने घड्याळ पाहिलं. मग फडक्याची नीट घडी करून ते जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. दोघांनी कयाक सुताराच्या हातगाडीवर घातली आणि फुटपाथ की रस्ता याचा विचारही न करता ती ढकलत, चढावर दोनदा थांबत, मागच्या फाटकाने तलावावर आणली. वाळूत ओढत नेली. कुणाचं लक्षही गेलं नाही, कारण सगळे लेकीच्या गाडीभोवती होते.

फोन खाली करताना लेकीची नजर पाण्याकडे गेली. लांबवर पिवळं काहीतरी सरकत होतं. मागे सुतार वल्हं मारत होता. पुढच्या जागेवर आई ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, बसमध्ये बसतात तशी.

बाराला दहा कमी असताना कयाक काठाला लागली. लेक धावत वाळू उतरली. आईचे पाय घोट्यापर्यंत ओले होते आणि चेहरा असा होता की लेकीला रागावताच येईना.

"आई, मी तुला सांगितलं होतं ना..."

"अगं, ऐक तर," आई तिचा हात धरून म्हणाली. "पुढच्या जागेवर बसलं ना, की मागे कोण बसलंय ते दिसतच नाही. नुसता वल्ह्याचा आवाज येतो. आणि मग काय होतं माहितेय का..."

"मॅडम," मागून एक गृहस्थ धापा टाकत आले, "एकच विचारतो. तो पाळणा उभाच का घेतलात? आडवा नाही का चालत?"

लेक वळली. प्रश्न रास्त होता. उत्तरही तिला येत होतं, एकोणिसाव्या पानासकट. तिने पोटाचा बाक समजावून सांगितला, मग उचलहाताचं, मग पट्ट्यांचं. ऐकायला आणखी चौघे आले. ती पुन्हा वळली तेव्हा फाटकाचा माणूस शिट्टी वाजवत होता आणि आई सुताराबरोबर हातगाडी ढकलत घरच्या वाटेला लागली होती. घरी गेल्यावर लेकीने दोनदा विचारलं. आई म्हणाली, "जाऊ दे, काही विशेष नव्हतं." तलाव उघडायला तीन वर्षं आहेत.

आता तुमच्याबद्दल. इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही चोखंदळ आहात, आणि मनात एक प्रश्न नक्की घोळतोय. तर, उभाच घ्या. पट्टा चापाचा, दांडे चपटे, आणि नट सात दिवसांनी आवळायला विसरू नका. याखेरीज दुसरं काही विचारायचं होतं का?