रुक्मा आत्याचा लेप अन् देवरावचा गाल

"नायटा? हात्तिच्या! दिवस मावळाच्या आत गेला समज!" रुक्मा आत्यानं मांडीवर थाप मारली, अन् तिथंच देवराव फसला!

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच सालची गोष्ट. देवरावच्या डाव्या गालावर बत्ताशाएवढा नायटा. दोन सोयरिकी त्यानंच मोडल्या. पोरीचा बाप गालाकडं पाहे अन् चहाची कपबशी आपल्याकडं ओढून घे! अन् उद्या राळेगावले डोमाजीच्या नलूले पाहाले जाचं.

"आत्या, डॉक्टरचं मलम आणू काय?"

"मलम? अरे, आवळा चामडीले सडूच देत नाई! माह्या आज्यानं शंभरीत आवळा चोळला, तं त्याले नव्यानं मिशा फुटल्या!"

आत्यानं आवळे ठेचले, हिरडा कुटला, बाभळीची साल टाकली. पितळेचं पातेलं कल्हईवाल्याकडं गेलतं, म्हणून सारं चढवलं लोखंडाच्या कढईत. झाला घात! आवळ्या-हिरड्याले लोखंड लागलं अन् हिरवा लेप पाहता पाहता शाईवानी काळा!

"आत्या, हे काळं काहून पडून राह्यलं?"

"गुण उतरून राह्यला त्याच्यात! आण इकडं तोंड!"

"अवं, नायट्यालेच लाव ना!"

"एका गालाले लावलं तं दुसरा रुसन!" म्हणत तिनं कपाळापासून हनुवटीपर्यंत पोट्टा सारवून काढला. "आता खाजवजो नको!"

पण नायटाच तो! गालावर मुंग्यायची जत्रा भरली. देवरावनं दात आवळले, खाटेचा पाय धरला, अन् शेवटी खाजवलंच! नेमका नायट्यावरचाच लेप निघून पडला.

सांजेले तोंड धुतलं. म्हशीनं पाह्यलं अन् दावं तोडून पळाली! सारं तोंड तव्यावानी, अन् मधात नायटा पुनवेच्या चांदावानी पांढराफेक!

राखेनं घासलं, सोड्यानं घासलं, नारळाच्या शेंडीनं घासलं. रंग हलन तं शपथ!

"आत्या, तुह्यं औषध नायटा सोडून सगळीकडं शिरलं वं! आधी दहा पावलांवरून दिसे, आता राळेगावातून दिसन!"

"राळेगाववाल्यायले आता नाई येत म्हणून निरोप कसा धाडाचा? चाल गुमान! अन् लोकायसमोर गालाले हात लावशीन तं पाह्यजो!"

दुसऱ्या दिवशी डोमाजीच्या ओसरीवर देवराव आपल्या मांडीले चिमटे घेत बसला. खाज वर, चिमटा खाली! डोमाजीनं चष्मा पुसला, वाकून पाह्यलं, अन् त्याचा चेहराच उतरला.

"आत्याबाई, पोट्ट्याले कोड हाय काय?"

"नाई जी! साधा नायटा हाय!"

"कायवरून?"

आत्या घाबरली. आता ही सोयरीकही चालली! "कोड कुठं खाजते जी? खाजव रे देवा! चांगलं खाजव!"

देवाची आज्ञाच झाली जशी! देवरावनं डोळे मिटले अन् दोन्ही हातांनी असं खाजवलं, असं खाजवलं, का ओसरीवरच्या कोंबड्या अंगणात उडाल्या! ते पाहता पाहता डोमाजीचा हात आपसूक कमरेवर गेला.

"हो बाप्पा," तो खाजवत म्हणे, "नायटाच हाय. माह्यावालाही असाच छळते."

आतून खुदकन हसणं आलं. पोह्याची ताटली घेऊन नलू दारात उभी. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. देवराव खाजवणंच विसरला.

"काय वं पोरी, हसतं काय?"

"बाबा, मले पसंत हाय."

"आँ? हा?"

"आतापर्यंत आले ते सारे गोरे. माह्याकडं पाहून तोंडं वाकडी करत. हा तं माह्याहून काळा हाय! याच्या बाजूले मी कशी उजळ दिसन!"

डोमाजीनं साखर वाटली. आत्या फुगून गावच्या पाटलिणीवानी बसली. देवराव मात्र पोहे चिवडत राह्यला. चार दिसांत रंग गेला तं पोट्टी नाई म्हणन ना!

तो हळूच आत्याच्या कानाशी वाकला.

"आत्या… कढईत थोडं उरलं हाय काय?"