मधमाश्यांना सांगितलंस का?

ही गोष्ट शब्द न् शब्द खरी आहे, हवी ती शपथ घ्यायला मी तयार आहे. आता, ती घडली तेव्हा मी गावातच नव्हतो, दाढ काढायला क्रान शहरात गेलो होतो, हेही तितकंच खरं. पण ज्या आलुबुखाराच्या झाडाखाली ती घडली ते झाड माझं आहे, आणि झाडाच्या मालकाला एवढा अधिकार असतोच.

व्हिन्को माझा शेजारी, लाकडाच्या वखारीतला कारकून. त्याला जन्मापासून एक खोड होती. नुसती स्वप्नाळू माणसं आमच्या खोऱ्यात पुष्कळ. समोर एवढे डोंगर उभे असले की गवत कापता कापता माणूस वर बघत राहायचाच. व्हिन्कोचं तसं नव्हतं. तो एखादं काम मनात इतकं साग्रसंगीत करायचा, की ते झालंच असं त्याला वाटायचं. लहानपणी आईने शेळ्यांचं फाटक लावायला पाठवलं. हा वाटेत भिंतीवर बसला, मनातल्या मनात फाटक ओढलं, कडी घातली, कडीचा आवाजसुद्धा ऐकला आणि घरी येऊन निवांत झोपला. सकाळी पाद्रीबाबांच्या कोबीच्या वाफ्यात नुसते दांडे. आईने झोडपलं तेव्हा तो रडला, पण माराने नव्हे, अन्यायाने.

मार्जेताला मागणीही त्याने अशीच घातली. कितीतरी वेळा, दर वेळी नव्या शब्दांत, मनात. मग ती उत्तर देत नाही म्हणून रुसला आणि तिच्या दारावरून जाताना मान फिरवू लागला. शेवटी तिच्या बापाने, म्हणजे ओझबाल्टने, त्याला कुंपणाशी अडवलं.

"का रे, माझ्या पोरीने तुझं काय घोडं मारलंय?"

"मी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही."

"काय विचारलंस?"

व्हिन्कोने सांगितलं. ओझबाल्टने दातांतला पाइप काढला, घराकडे वळून हाक मारली, "मार्जेता, बाहेर ये. हा पुन्हा विचारतोय."

लग्नानंतर व्हिन्कोवर ओरडला नाही असा घरात हाच एक माणूस. रविवारी दुपारी सासरा-जावई मधमाश्यांच्या लाकडी खोपीपुढच्या बाकावर बसत. खोपीत एकावर एक रचलेल्या पेट्या, प्रत्येक पेटीच्या दर्शनी फळीवर ओझबाल्टने स्वतः रंगवलेलं चित्र. कुठे अस्वलाच्या लग्नात वाजवणारे कोल्हे, कुठे शिंप्याला बोकडावर बसवून काढलेली वरात. (अशा फळ्या रंगवणाऱ्याला जावई असलाच मिळायचा.) ओझबाल्ट पाइप भरता भरता विचारी, "आज कुठे जाऊन आलास?" आणि व्हिन्को सांगत बसे.

मे महिना सरता सरता ओझबाल्ट गेला. झोपेतच.

आता आमच्याकडे रिवाज असा, की घरचा मालक गेला तर शवपेटी उंबऱ्याबाहेर पडायच्या आत मधमाश्यांना तसं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या घर सोडतात, आणि त्यांच्या पाठोपाठ घराची बरकतही. हे काम मुलाचं. ओझबाल्टला मुलगा नव्हता. होता तो जावई, आणि तो स्वयंपाकघरात बायकांच्या पायात येत एकदा कापलेला अक्रोडाचा गोड पाव पुन्हा कापत होता.

"जावईबापू," सासू रोझालिया म्हणाली, "तुझ्याजोगतं एक काम आहे. मधमाश्यांच्या प्रत्येक पेटीवर टकटक कर आणि म्हण, तुमचा मालक ओझबाल्ट गेला, नवा मालक अमुक, तुम्ही राहा."

"अमुक म्हणजे कोण?"

"तूच. दुसरं आहे कोण? जमेल ना?"

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?" व्हिन्को म्हणाला. (शेळ्यांच्या वेळीही तो हेच म्हणाला होता.)

थोड्या वेळाने तो परत आला. डोळे लाल, टोपी हातात.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

मग शवपेटी उचलली.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी भर दुपारी, मिऱ्यांचं पोतं आभाळात उलटं करावं तशा मधमाश्या खोपीतून उठल्या, कुंपण ओलांडलं आणि माझ्या आलुबुखाराच्या फांदीला हा एवढा घोस लटकला. आता त्या दिवसांत मधमाश्या थवा करून निघतातच, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण आठवड्याच्या विधवेला शास्त्र शिकवायला जाऊ नये. मी गेलो असतो, पण दाढ.

हातातल्या पळीसकट रोझालिया झाडाखाली आली. मागून मार्जेता, तिच्यामागे व्हिन्को.

"उभ्या जन्मात ओझबाल्टच्या माश्या कुणाच्या झाडावर गेल्या नाहीत," रोझालिया म्हणाली. "खरं सांग, सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, आई."

"तोंडाने?" मार्जेताने विचारलं.

हा प्रश्न फक्त बायकोच विचारू शकते. व्हिन्को आठवू लागला. टकटक आठवली. कोल्हे आठवले, बोकड आठवला. शब्दांपाशी येऊन मात्र आठवण थांबली.

"मी जरा बाकावर बसलो होतो," तो म्हणाला. "शब्द जुळवायला."

"आणि?"

"बाबा शेजारी येऊन बसले."

रोझालियाची पळी खाली आली.

"पाइप भरत होते. आता तूच सांग मार्जेता, माणूस शेजारी बसलेला असताना, त्याच्या देखत, हा गेला म्हणून कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?"

वर नुसती गुणगुण चालली होती. चर्चमध्ये मार्जेता रडली नव्हती, पाहुण्यांना ताटल्या पुरतील का याचा हिशोब करत होती.

"काय म्हणाले?" तिने हळूच विचारलं.

"म्हणाले, आज कुठे जाऊन आलास? मी म्हटलं, कुठेच नाही, इथेच आहे. म्हणाले, मग बस थोडा, आत बायकांची धांदल चाललीय."

मार्जेता हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. रोझालिया गवतात बसली आणि तिने एप्रन तोंडावर ओढून घेतला. बऱ्याच वेळाने एप्रनच्या आतून आवाज आला.

"शिडी आण. आता मोठ्याने सांग. त्यांनाही ऐकू जाऊ दे, आम्हालाही."

व्हिन्को गवताने विणलेली टोपली घेऊन शिडीवर चढला. टोपी काढली.

"तुमचा मालक ओझबाल्ट..." तो म्हणाला आणि अडला. जन्मभर त्याने सगळी कामं मनात उरकली होती. हे एकच असं होतं, जे त्याने मनातसुद्धा केलं नव्हतं.

"गेला," तो म्हणाला.

आणि खरं म्हणजे ओझबाल्ट गेला तो तेव्हा.

"आता तुमचा नवा मालक..."

"माझं नाव सांग," खालून रोझालिया म्हणाली. "तुझं ऐकलं तर पुन्हा उठतील."

मधमाश्या टोपलीत उतरल्या, टोपलीतून पेटीत गेल्या, आणि अजून तिथेच आहेत.

आता कबुली. यातलं एकच मी रचलंय: बाकावर ओझबाल्ट काय म्हणाला ते. मार्जेताने विचारलं आणि व्हिन्कोने तिला काहीतरी सांगितलं, एवढं नक्की. पण काय, ते ती कुणाला सांगत नाही, आणि मी त्या वेळी क्रानला जबडा उघडून बसलो होतो. नंतर कुंपणावरून मी व्हिन्कोला कितीदा तरी विचारलं. दर वेळी तो माझ्याकडे नवलाने बघतो, किंचित दुखावतो आणि म्हणतो,

"अरे, तुला तर सगळं सविस्तर सांगितलंय मी."