रिकाम्या पोटी

गिताबाईच्या पोटात चार महिने आग पेटलेली होती, आणि घरात तिच्याशिवाय कुणाला तिची धग लागली नव्हती. मग एकदा कांदा काढताना ती वाफ्यातच वाकडी झाली, तेव्हा कुठं सरकारी दवाखान्याची पायरी चढली. तिथल्या डॉक्टर फरहत मॅडमनी चौदा गोळ्या दिल्या.

"रोज सकाळी एक, रिकाम्या पोटी. एकही चुकवायची नाही. फरक नाही पडला तर पुण्याला दुर्बिणीनं पोट तपासावं लागेल."

ऐन कांदा काढणीत पुण्याला! घरचे आधी आपलं डोकं तपासतील, हे तिला मॅडमपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं गोळ्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवल्या. तिथंच चुकलं.

सासरे पाहुण्यांकडचं मटण खाऊन आले. "कसल्या गं ह्या?"

"पोटातल्या आगीच्या, आबा."

"आरं वा, मलाबी तेच हाय!" त्यांनी एक खाल्ली, झकास ढेकर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून चहासारखी मागू लागले. सासू कस्तुराबाईंनी गुडघ्यासाठी घेतली. "गोळी ती गोळी. सरकारनं फुकट दिलीया, तुझ्या एकटीच्या नावाची हाय व्हय?" नवरा हनुमंत दोस्तांबरोबर बसायला जाण्याआधी दोन-दोन टाकायचा. "आधी घेतली की सकाळी त्रास न्हाई." गिताबाई धार, गोठा, चहा उरकून पाकिटाला हात घाली, तोवर त्याला नवी भोकं पडलेली असत. सहाव्या दिवशी पाकीट संपलं.

"फरक पडला का?" मॅडमनी विचारलं.

"पडला की. आबांची जळजळ गेली, आत्याबाईंचा गुडघा हलाय लागला, मालक सकाळचं ताजेतवाने असत्यात."

"आणि तुम्हाला?"

"माझ्या वाट्याला तीनच आल्या."

मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक दिसली आणि हसू थांबलं. "ताई, ही शेवटची खेप. पुढच्या वेळी गोळ्या नाहीत, दुर्बीण."

गिताबाईनं नव्या गोळ्या त्याच फळीवर ठेवल्या. हनुमंताचा हात गेलाच.

"त्या बायकांच्या हायत," ती भाकरी थापत म्हणाली. "पाळीच्या."

इंगळी डसावी तसा हात मागं आला. आबा तर फळीकडं पाठ करूनच चहा पिऊ लागले. राहिल्या सासूबाई. त्या बाईच की!

"घ्या ना, आत्याबाई. बंद झालेली बी परत सुरू हुती म्हणं."

"नगं गं बाई! एवढ्या वर्सांनी सुटलीया मी!"

चौदा दिवस गोळ्या उघड्यावर होत्या. कुणी हात लावला नाही. बाई, तुला नेमकं झालंय काय, असंही कुणी विचारलं नाही. आग मात्र विझली. भाकरी पुन्हा गोड लागू लागली.

पंधराव्या दिवशी दुपारी तिनं हनुमंताला ताट वाढलं. पहिला घास मोडता मोडता तो म्हणाला, "संपल्या का गं तुझ्या त्या गोळ्या?"

तिचा हात थबकला. सोळा वर्षांच्या संसारात ही अशी चौकशी पहिलीच.

"संपल्या," ती हळूच म्हणाली. "आता बरं वाटतंय मला."

"मग आता त्या पहिल्यावाल्या आण की. माझं पोट लई जळतंय."

गिताबाईनं क्षणभर त्याच्याकडं नीट पाहिलं.

"आणते की उद्या," ती म्हणाली. "पन त्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असत्यात."

आणि त्याच्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून ती आत घेऊन गेली.