आहेरसाहेबांचे टिकाऊ साक्षीदार

सरकारी वकील गोरक्ष आहेर यांचा एकही साक्षीदार कधी कोर्टात टिकला नव्हता. भली भली खरी माणसं त्यांच्या हाताखालून गेली की उलटतपासणीत गडबडत, आणि आहेरसाहेब पोलिसांच्या तपासाला नावं ठेवून घरी येत. नाचता येईना, अंगण वाकडं! एवढ्या कर्तबगारीवर या गृहस्थांची निवड आता राजधानीत केंद्र सरकारच्या वकिलीसाठी होत आली होती. फक्त शेजाऱ्यांकडची चौकशी राहिली होती. ती बिघडली की जिल्हा कोर्टातच निवृत्ती.

"शेजाऱ्यांना मीच तयार करतो," ते बायकोला म्हणाले.

"कशाला? विचारलं तर चांगलंच सांगतील की," मीनाताई म्हणाल्या. "उगाच हात दाखवून अवलक्षण!"

"तुला कायद्यातलं काय कळतं?"

मग नाशिक रोडच्या त्यांच्या सोसायटीत आठवडाभर तालीम चालली. शेवटी एकदाचे चौकशी अधिकारी आले. आहेरसाहेब आपल्या दारामागे कान लावून उभे राहिले. बाहेर जिन्यात शेजारच्या लंकाबाई हात जोडून सुरू झाल्या.

"वकीलसाहेब सज्जन आन् निर्व्यसनी हायेत. मी त्यांना बारा वर्षांपासून वळखते. आन् मी खोटी साक्ष देते हे म्हननं खरं नाय."

"मी असं कुठं म्हटलं, मावशी?"

"मंग म्हना ना! उत्तर पाठ हाय माझं."

समोरच्या फ्लॅटमधला राजही तेच म्हणाला. सज्जन, निर्व्यसनी, बारा वर्षांची ओळख.

"तुम्ही इथं राहायला कधी आलात?"

"गेल्या महिन्यात."

"ऑब्जेक्शन!" दारामागून आवाज आला.

राजला धीर आला. "ओळख मात्र बारा वर्षांचीच."

अधिकाऱ्यांनी ते दार वाजवलं. मीनाताईंनी उघडलं.

"वहिनी, यांना हे कोणी पढवलं?"

"आमच्या ह्यांनीच. आठवडाभर घरात जेवायलासुद्धा वेळ नव्हता."

"साक्षीदार फितूर झालाय!" आहेरसाहेब दारामागून ओरडत बाहेर आले. मग समोर कोण उभं आहे ते आठवून त्यांचा चेहरा पडला. गेली नोकरी!

अधिकारी त्यांच्याकडे बघतच राहिले. "साहेब, मी इतकं खोदून विचारलं, पण तुमच्या दोन्ही साक्षीदारांचा एक शब्द हलला नाही. आमच्याकडे अशाच वकिलांची वानवा आहे. लवकर रुजू व्हा."

ते गेल्यावर मीनाताई म्हणाल्या, "इतकी वर्षं खरं बोलणारा एक माणूस तुम्हाला टिकवता आला नाही. खोटं बोलणारे मात्र पहिल्या झटक्यात पास!"

आहेरसाहेबांना ते ऐकूच आलं नाही. ते माळ्यावरची मोठी बॅग काढायला स्टुलावर चढले होते.