नेर तालुक्याचा हिमवर्षाव

कामामुळे नाव होते, असा एक गैरसमज पूर्वी प्रचलित होता. त्यापायी पुष्कळ माणसे जन्मभर काम करीत राहिली आणि त्यांची नावे आज त्यांच्या नातवंडांनाही सांगता येत नाहीत. आधी नाव करावे, मग काम मिळते का ते पाहावे (न मिळाल्यास नावावर भागवावे), हा सुधारित क्रम आता सर्वमान्य झाला आहे. नेर तालुक्यात तो प्रथम अमलात आणण्याचा मान शकुबाईच्या रजतकडे जातो.

रजत इव्हेंट प्लॅनर होता. म्हणजे त्याच्या पेजवर तसे लिहिले होते. प्रत्यक्ष अनुभव म्हणाल तर मावसभावाच्या लग्नात जनरेटरवाल्याला चहा नेऊन देणे आणि एका वाढदिवसाला फुगे फुगवणे (पैकी बरेच फुटले). पण अनुभव फोटोत दिसत नाही. दिसतो तो काळा गॉगल, कानाला लावलेला फोन आणि दूर कुठेतरी लागलेली नजर. कानाचा फोन धाकट्या बहिणीचा, सलोनीचा असे, कारण स्वतःच्या फोनने फोटो काढायचा असे. आणि तो काढायलाही सलोनीच असे. फोटोखाली मजकूर: ‘सीझन फुल्ल. कृपया सहा महिने आधी संपर्क करावा.’ जनता या सूचनेचा आदर करी आणि संपर्क करीत नसे.

पेजचे फॉलोअर अकरा हजार. त्यांतले यवतमाळ जिल्ह्यातले त्र्याण्णव. त्यांत साठ नातेवाईक, आणि बाकीचे जिल्ह्यातले इतर इव्हेंट प्लॅनर, जे एकमेकांवर डोळा ठेवून होते.

लग्ने मात्र कमी झाली होती, कारण लोकांच्या हाती पैसा नव्हता. आदल्या साली कापसाचा भाव चढला होता. म्हणून या साली सगळ्यांनी तो चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचे ठरवले, आणि ही गोष्ट भावाला कोणी कळवली नाही. मे महिना आला तरी शकुबाईची समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेलीच होती. घरची तिघे मागच्या खोलीत निजत आणि सकाळी अंग खाजवत उठत. घरात पडून राहिलेल्या कापसाने खाज सुटते, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

त्या खोलीवर सलोनीचे नर्सिंग अवलंबून होते. यवतमाळच्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत फी भरली नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. तेव्हा भाव चढो की न चढो, शनिवारी कापसाची गाडी जिनिंगला विकायला न्यायचीच, असे शकुबाईने ठरवून टाकले होते.

अशात वणीहून बाबारावांचा फोन आला. बाबारावांचे कोळशाचे ट्रक होते. मुलगा घनश्याम याचे लग्न शुक्रवारी होते आणि ठरवलेला नागपूरचा माणूस ऐन वेळी पळाला होता (आधी त्याने फोन बंद केला, मग पेज).

“आमच्या पोराले काश्मीर पाह्यजे,” बाबाराव म्हणाले. “बरफ पाह्यजे. होईल का?”

“काश्मीर त आपलं रोजचंच काम हाय, साहेब,” रजत म्हणाला.

त्या दिवशी वणीत सेहेचाळीस अंश तापमान होते. रजतने बर्फाच्या मशीनचे भाडे विचारले, फोन ठेवला, आणि मग त्याची नजर समोरच्या खोलीवर गेली. थोर माणसांना सामग्री घरातच सापडते, ती अशी.

“एका दिवसाचा प्रश्न हाय, आई,” तो म्हणाला. “शुक्रवारी नेतो, लगन झालं का वापस. तुया कापसाची फुकटात अ‍ॅड होऊन राह्यली.”

“कापसाले अ‍ॅड कायले पाह्यजे? भाव पाह्यजे.”

“दादा, सोमवार शेवटची तारीख हाय,” सलोनी म्हणाली. “मायी जागा गेली त?”

“अवं, हे एक लगन होऊ दे. तुई फी मीच भरतो.”

मुलगा प्रथमच कशाचीतरी फी भरतो म्हणाला, त्यामुळे शकुबाईला नाही म्हणवेना. तिने एकच अट घातली. कापसासोबत ती स्वतः जाणार.

शुक्रवारी संध्याकाळी वणीतल्या लॉनवर थर्माकोलचे डोंगर उभे राहिले आणि त्यांवर शकुबाईचे वर्षभराचे पीक पसरले गेले. घनश्याम आणि नवरी लोकरी टोप्या घालून शेकोटीशेजारी बसली. हिमवर्षावाची सोय म्हणून तीन मोठे पंखे होते. ते सुरू झाले तसा कापूस उठला. तो हळदीच्या अंगांना चिकटला, गुलाबाच्या पाकळ्यांत शिरला, वांग्याच्या भाजीच्या पातेल्यात उतरला. वऱ्हाडात कापूस न ओळखणारा एकही माणूस नव्हता. पण कॅमेरा चालू होता, आणि चालू कॅमेऱ्यासमोर ‘हा तर कापूस हाय’ असे म्हणणे शिष्टाचारात बसत नाही. सगळे म्हणाले, काय बरफ आहे!

मग खाज सुटली. पहिल्यांदा घनश्यामचा हात मानेवर गेला. नवरीने खांदा खाजवला, करवलीने पाठ. डीजेवाला कलावंत होता. त्याने हे पाहून ठेका बदलला. ही नवीन स्टेप असावी असे समजून उरलेल्यांनीही ती उचलली (त्यांनाही खाज सुटलीच होती), आणि थोड्याच वेळात दोनशे माणसे एका तालात अंग खाजवू लागली. रजतचे डोळे भरून आले. त्याने एवढे यश कधी पाहिले नव्हते.

या सगळ्यांच्या मागे शकुबाई वाकून कापूस वेचत होती. बुटाखालचा, चपलेखालचा, शेकोटीजवळचा. पदरात घ्यायची, बोऱ्यात टाकायची, पुन्हा वाकायची. “पाय उचला रे, पाय!” ती ओरडत होती. “पोरीची फी हाय ते!” डीजेपुढे कोणाला काही ऐकू गेले नाही.

शनिवारी तिने जमले तेवढे बोरे जिनिंगला नेले. कापसाची प्रत पाहणाऱ्या ग्रेडरने बोऱ्यात मूठ घातली. हळद निघाली, पाकळ्या निघाल्या, लवंग निघाली, शेवटी टोपीचा गोंडा निघाला. “हे वापस न्या, बाई,” तो नरमाईने म्हणाला. “आमची मशीन कापसाची हाय.” बाबारावांनी मोबदल्याऐवजी पाहुण्यांच्या मलमाची बिले पाठवली. सोमवारी जागा पुढच्या मुलीला गेली.

रजतला वाईट वाटले. खरोखर वाटले. त्याने ‘बहिणीसाठी दोन शब्द’ अशी पोस्टही टाकली होती. पण त्या पोस्टला लाइक फार पडले नाहीत, म्हणून काढून टाकली. लग्नाच्या व्हिडिओचे मात्र सोने झाले. चाळीस लाख लोकांनी तो पाहिला. आता रजत अमरावतीला ‘स्वतःचा ब्रँड कसा घडवावा’ या विषयावर शिबिरे घेतो, आणि येणाऱ्या मेसेजांना उत्तरे देण्याचे काम मानद तत्त्वावर सलोनीकडे आहे.

तिचे निरीक्षण असे की, व्हिडिओ चालला तो नवरा-नवरीमुळे नाही. तो मागच्या मावशीमुळे चालला. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून, त्याला गमतीचे संगीत लावून पुढे सोडला. लाल लुगड्यातली एक बाई नाचणाऱ्यांच्या पायांत वाकून काहीतरी वेचते आहे, पुन्हा पुन्हा, आणि तोंडाने काहीतरी बडबडते आहे. काय वेचते आहे, असे चाळीस लाखांत एकानेही विचारले नाही.

तुम्ही तो पाहिला आहे. दुपारी जेवणानंतर, दोनदा. आणि फॅमिली ग्रुपवर पाठवताना खाली हसून हसून रडणारे तीन चेहरे लावले होते.