आप्पासाहेबांच्या ऑस्टिनचा पोळा

"हे बाशिंग काढू का आता?" गाडीच्या नाकापुढं उभं राहून आप्पासाहेबांनी विचारलं.

"आज पोळ्याची कर हाय. करीच्या दिशी काढू न्हाई," त्यांच्या बायकोनं, गोजरबाईंनी ओट्यावरूनच निकाल दिला.

केडगावच्या आप्पासाहेबांची जुनी ऑस्टिन त्या सकाळी नवरदेवासारखी नटली होती. पावसानं त्या साली तोंड दाखवलं नव्हतं, म्हणून बैलजोडी चाऱ्यासाठी मुळा धरणाकडच्या मेव्हण्याकडं धाडलेली. पण पोळा आला आणि दावण रिकामी, हे काही गोजरबाईंच्या मनाला पटेना. त्यांनी काल सरळ गाडीच पूजली. बंपरला हिंगूळ फासला, दिव्यांना गोंडे बांधले, बॉनेटवर घुंगरमाळ घातली. आप्पासाहेब थोडा वेळ कौतुकानं बघत राहिले आणि पारावर गप्पा मारायला निघून गेले.

आज मात्र त्यांना त्या थाटाची धडकी भरली होती. एकुलत्या एका चांगुणाला बघायला राहुरीहून राधाकृष्णराव म्हस्के येणार होते, मुलगा मच्छिंद्र याला घेऊन. मुलगा साखर कारखान्यात इंजिनावर, घर खातंपितं. आधीची स्थळं पत्रिकेवर मोडली होती. हे मोडलं तर लेकीसमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हा आप्पासाहेबांना घोर होता. त्यात 'स्टँडवर आमची मोटार येईल' असा ऐटीत निरोप धाडून बसलेले.

आप्पासाहेबांनी स्टँडवर पाहुण्यांना गाडीत बसवलं. राधाकृष्णरावांनी बाशिंगाकडे बघून फक्त "हं" केलं. माळीवाड्याच्या वेशीशी गाडी खोकली, मग तिनं गचके द्यायला सुरुवात केली. प्रत्येक गचक्याला घुंगरमाळ छान वाजायची. शेवटी भर चौकात ती ठप्प झाली.

"तहानली असंल, पाणी पाजा," एक म्हणाला. पाणी पाजलं.

"दिष्ट लागली," दुसरा म्हणाला आणि त्यानं लिंबू उतरवून चाकाखाली ठेवलं.

तिसऱ्यानं बाशिंग बघितलं, मच्छिंद्र बघितला, आणि वरात समजून त्याच्या डोक्यावर चिमूटभर तांदूळ टाकले. काल पोळ्यात वाजवून दमलेला एक हलगीवाला जाता जाता थबकला आणि त्यानं हलगी काढली. मच्छिंद्र बिचारा खाली उतरून गाडी ढकलू लागला, हलगी पुढं, गाडी मागं. राधाकृष्णराव आत बसूनच म्हणाले, "हं."

अशी मिरवणूक नूरुद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजला पोचली. नूरुद्दीननं बॉनेट न उघडताच सांगितलं, "प्लग." प्लग घासले; गाडी हातभर पुढं सरकून बसली. "मग पॉइंटच." पॉइंट घासले, गाडी हातभर मागं आली. "कॉइल!" तेही झालं. आता नूरुद्दीनला राग आला. त्यानं पेट्रोलची नळी सोडवली, तोंडात धरून जोरात ओढली आणि डोळे विस्फारून तसाच उभा राहिला.

"काय झालं मिस्त्री?"

"आप्पासाब, पेट्रोल कुठनं भरता?"

"का वो?"

"गोड हाय."

त्यानं तळहातावर थुंकून दाखवलं. पिवळाजर्द गोळा. "पुरन हाय हे, सरळ सरळ!"

आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढं कालची पूजा लख्ख उभी राहिली. पोळा म्हटला की निवद आला, निवद म्हटला की घास भरवणं आलं, आणि गाडी जे काही पिते ते कोणत्या तोंडानं, हे गोजरबाईंनी अनेकदा स्वतः पाहिलं होतं. बाईंचं कुठं चुकलं म्हणायचं? पण गाडीला पोळी भरवणाऱ्या घरात कोण सोयरीक करील? आप्पासाहेबांना तिथंच रडू येईलसं वाटलं.

राधाकृष्णराव खाली उतरले. त्यांनी नळीच्या तोंडाशी अडकलेलं चिमूटभर पुरण काढलं, बोटांत चोळलं, हुंगलं आणि चक्क जिभेवर ठेवलं.

"जायफळ हाय. वेलदोडा न्हाई. आन पाट्यावरचं हाय," ते म्हणाले. "पार टाकीच्या गाळणीतनं गेलं, म्हंजी किती बारीक! कुनी वाटलं?"

"आमच्या चांगुणानं!" आप्पासाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"मग बघायचं काय ऱ्हायलंय? मुलगी पसंत."

गाडी पुन्हा ढकलतच केडगावला आली. ढकलायला मच्छिंद्र, आत दोघे वडील. चांगुणा पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा राधाकृष्णराव गोजरबाईंना सांगत होते, "लेकीनं पुरण झकास वाटलंय हां!"

"चांगुणानं?" गोजरबाईंना हसू आवरेना. "तिला कुठं जमतंय! आखाडापास्नं माझा खांदा धरलाय, तवापास्नं पुरण ह्येच वाटत्यात."

आप्पासाहेबांचं तोंड उतरलं. मिशीला पीळ देऊन पारावर बसणारा माणूस घरात दार लावून पुरण वाटतो, हे गावाला ठाऊक नव्हतं. शिवाय खोटं बोललेलं उघड झालं होतं. आता स्थळ गेलंच, असं धरून ते पोह्यांकडे बघत बसले.

राधाकृष्णरावांनी दाराकडे पाहिलं, सरकून जवळ आले आणि हळूच विचारलं, "डाळ गरम असतानाच वाटता, का निवल्यावर?"

"गरम. निवली की रवाळ होतीया."

"त्येच! आमच्या घरी सांगून दमलो मी. शेवटी सोताच बसतो पाट्यावर. मनगट न्हाई दुखत?"

"दुखतं की! पर कुनाला सांगायचं?"

"मला सांगा," राधाकृष्णराव कळवळून म्हणाले. दोघे पाटा बघायला स्वयंपाकघरात गेले ते लवकर बाहेर येईनात.

ओसरीवर चांगुणा आणि काळ्याकुट्ट हातांचा मच्छिंद्र समोरासमोर राहिले.

"तुमाला येतं का पुरण वाटाया?" चांगुणानं विचारलं.

मच्छिंद्रनं खाली बघितलं. "आजून न्हाई. आबा सध्या नुसती डाळ शिजवाया देत्यात."

चांगुणानं पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि आत तोंड करून म्हणाली, "आये, मला पसंत हाय."