खिशाचं कलम

वेळशी तालुक्यात खिशातला घडीचा चाकू माणसाने निवडायचा नसतो. चाकूच खिसा पाहायला येतो आणि पसंत पडला तर राहतो. पाहण्याची तारीख पंचायत समितीकडून कळवली जाते. चाकूसोबत नोंदणी कक्षाचे भाऊसाहेब येतात, कारण पोहे कुणीतरी खायला लागतात आणि चाकू काही खात नाहीत.

कस्तुरी घागने अर्ज केला तेव्हा तिच्या हातात पंधरा दिवस होते. ती तेवीस वर्षांची, कृषी पदवीधर, आणि आत्याच्या परसात तिने आंब्याची साठ रोपं पिशव्यांत लावली होती. गावाबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर, खोबऱ्या आंब्याचं एकच जुनं झाड होतं. त्याचा आंबा कच्चा खाल्ला तरी ओल्या खोबऱ्यासारखा लागायचा. रस्ता रुंद व्हायचा होता आणि गणपती झाले की ते झाड तोडायचं ठरलं होतं. त्याआधी त्याच्या काड्या या साठ रोपांवर बांधायच्या, म्हणजे झाड गेलं तरी आंबा राहील, असा तिचा बेत होता. पण रोपाची पानं तांबूस असतात तोवरच काडी जीव धरते. पानं हिरवी झाली की संपलं.

ब्लेडने तिने तेरा रोपांवर करून पाहिलं. काप थरथरला आणि तेराही काड्या काळ्या पडल्या. आत्याची सुरी जाड होती. तिने काडी कापली नाही, चेंगरली. चाकूच हवा होता.

ठरल्या दिवशी बांदिवडेकर भाऊसाहेबांनी टेबलावर लाकडी पेटी ठेवली. आतून शिसवी मुठीचा, पितळी टोकाचा चाकू बाहेर आला. त्याने पातं अर्धं उघडलं आणि खोलीभर नजर फिरवली.

"खिसा कुठाय?" त्याने विचारलं.

कस्तुरीने कुडता घातला होता. तिने खांद्यावरची पिशवी पुढे केली.

"ही पिशवी आहे," चाकू म्हणाला. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

ती आत जाऊन जीन्स घालून आली. चाकू एका खिशात उतरला आणि निम्मा बाहेरच राहिला. दुसऱ्या खिशाला नुसती शिवण होती, आत जायला वाटच नव्हती.

"हा खिसा नव्हे. खिशाचं चित्र आहे."

"मग ते चित्र मी काढलंय का?" कस्तुरीचा आवाज चढला. "बायकांना दुकानात असंच मिळतं. पुढून खिसा, आतून फसवणूक! त्याबद्दल दुकानदाराला विचारा, मला काय विचारता?"

"आवाज नको," भाऊसाहेब पोह्यांतले शेंगदाणे वेचत म्हणाले.

"मुलींसाठी सुरी असते," चाकू शांतपणे म्हणाला. "तो चाकू, ती सुरी. भाषेनेच सोय करून ठेवली आहे."

"ती तलवारही आहे! ती कुऱ्हाड आहे! त्या काय कोथिंबीर चिरायला ठेवल्यात?"

चाकू खट्‌कन मिटला. म्हणजे कार्यक्रम संपला.

आत्याचा मुलगा हर्षल याच्याकडे चार वर्षांपासून चाकू होता. त्याच्या पँटला सहा खिसे, त्यामुळे पहिल्याच भेटीत जमून गेलं होतं. तो त्या चाकूने वेफर्सची पाकिटं उघडायचा.

"तुझा दे मला आठ दिवस," कस्तुरी म्हणाली.

"घे की. पण तुझ्याकडे उघडायचा नाय गो तो."

तिने नखाने ओढून पाहिलं, दातांनी ओढून पाहिलं. "माझी बदली झालेली नाही," मिटल्या पात्यातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती नोंदणी कक्षात गेली. भाऊसाहेबांनी तिचा अर्ज काढला आणि चष्मा पुसला.

"कशासाठी हवा, तर कलमासाठी, असं लिहिलंयत. कलम कितवं ते लिहिलेलं नाही."

"आंब्याचं कलम, भाऊसाहेब."

"हो, पण कितवं?"

"कितवं म्हणजे? साठ होती. तेरा गेली."

"साठ?" भाऊसाहेबांनी नियमावली उघडली. "आमच्याकडे सदतीसच आहेत. आणि त्यातली तेरा रद्द झाली म्हणता? आम्हाला परिपत्रक नाही आलं." त्यांनी मार्गदर्शनासाठी कागद जिल्ह्याला पाठवला.

कागद गेला. परसात रोज सकाळी दोन-चार रोपं हिरवी होऊ लागली. कस्तुरी प्रत्येक पिशवीपाशी उकिडवी बसून पानं पाहायची आणि उठताना जिल्ह्याच्या दिशेने काहीतरी बोलायची. आत्या तेवढ्यापुरते कान झाकायची.

चौथ्या दिवशी ती कुडत्याला खिसा शिवून घेऊनच कक्षात गेली. भाऊसाहेबांनी खिसा उलटसुलट करून पाहिला.

"चालायचा नाही. कलम अकरा. खिसा अंगचा असावा. नंतर लावलेलं ते ठिगळ."

आता मात्र कस्तुरी उभी राहिली.

"भाऊसाहेब, तुम्ही हापूस खाता?"

"खातो. म्हणजे काय, आवडीने खातो."

"त्याचं एक झाड मला अंगचं दाखवा! खाली रायवळ, वर हापूस, मध्ये पट्टी बांधलेली. मग तुम्ही उन्हाळाभर काय ठिगळ चोखत बसता?"

कक्षातले सगळे पंखे फिरत होते, तरी भाऊसाहेबांना घाम आला. बांदिवडेकर नियमाचे माणूस होते, पण खोटं लिहीत नसत आणि खरं लिहायला नाही म्हणत नसत.

"ते एकजीव झालेलं असतं," ते शेवटी म्हणाले.

"तेवढंच लिहून द्या."

त्यांनी लिहिलं: 'एकजीव झाल्यास अंगचे समजावे.' खाली सही केली.

त्याच दुपारी कस्तुरीने हर्षलच्या पँटचा गुडघ्याजवळचा खिसा मागितला.

"अगो, माझ्या पँटचा कशाला?"

"पाच उरतायत ना तुला? मला एकही नाही, तेव्हा तू कधी विचारलंस कशाला म्हणून?"

हर्षलने पँट आणून दिली. कापड कापायला सुरीची काही हरकत नव्हती. कस्तुरीने काडीला तासतात तशी खिशाच्या तोंडाला निमुळती पाचर काढली, हिरव्या कुडत्याला तेवढाच काप दिला, त्यात ती बसवली आणि दोऱ्याचा एकही टाका न घालता वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. कुडता रोपांच्या रांगेत सावलीला टांगला. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं.

आठव्या दिवशी तिने पट्टी सोडली. खाकी रंग सांध्यापाशी हळूहळू हिरवा होत गेला होता. खिसा ओढला तर कुडता ओढला जाई. आत हात घातला तर कोमट लागलं.

चाकू पुन्हा पाहायला आला. खिशात उतरला आणि पार दिसेनासा झाला. भाऊसाहेबांची पोह्यांची बशी रिकामी झाली तरी तो आतच होता.

"खोल आहे," शेवटी आतून आवाज आला. "अंगचा आहे. राहतो."

भाऊसाहेबांनी शिक्का मारला. तो मारेपर्यंत कस्तुरी चाकूसकट परसात पोचली होती. सत्तेचाळीसांपैकी अठ्ठावीस रोपं हिरवी झाली होती. उरलेल्या एकोणीस रोपांवर तिने अंधार पडायच्या आत काड्या बांधल्या. काप सरळ येत होते.

"या कामाचा अर्जात उल्लेख नव्हता," सहाव्या रोपापाशी चाकू म्हणाला.

"होता. तुम्हाला वाचता आला नाही."

सातव्या रोपाचा काप त्याने आणखी सरळ घेतला.

गणपती झाले आणि झाड तोडलं. करवतीचा आवाज परसापर्यंत येत होता. एकोणीसपैकी अकरा काड्यांना फुटवे आले. कस्तुरीने नोंदणी कक्षाला तीन पानी पत्र लिहिलं, की तुमचा कागद फिरत राहिला म्हणून माझी अठ्ठावीस कलमं गेली, याला जबाबदार कोण? एका ओळीचं उत्तर आलं: 'अठ्ठावीस कलमे रद्द झाल्याची नोंद घेण्यात आली आहे.' तिने ते उत्तर फाडलं नाही. परसाच्या दाराला खिळ्याने ठोकलं.

मार्गशीर्षात वाळत घातलेल्या कुडत्याला डाव्या बाजूला नवा खिसा फुटला. बोटाएवढा होता, तांबूस. पंधरवड्यात तळहाताएवढा झाला. गोष्ट तालुक्यात पसरली आणि एका सकाळी आत्याने दार उघडलं तर पडवीत सात चाकू ओळीने बसले होते, मुठी पुसून, पितळ घासून. शेवटी भाऊसाहेब होते.

"अगो, पाहायला आलेत," आत्या आत येऊन हळूच म्हणाली. "पोहे टाकू ना?"

"नको. खिसा अजून कोवळा आहे, तोवर बसू देत त्यांना."

मग कस्तुरी बाहेर आली. तिने अकरा कलमांपैकी सगळ्यात उंच कलमाची एक काडी खुडली आणि पहिल्या चाकूसमोर धरली.

"उघडा," ती म्हणाली. "काप सरळ येतो का बघू."